रस्त्याला डोळे देणारा

चामोर्शीहून मार्कंड्याकडे जाणारा रस्ता हिवाळ्यात तिन्हीसांजेलाच अंधारतो. सायकलीवरून घरी निघालेल्या एखाद्या मुलाच्या मागून मोटार येते. तिच्या दिव्यांचा झोत सायकलीच्या मडगार्डवर पडतो आणि तेथील लाल भिंग निखाऱ्यासारखे लखलखते. पुढे कोणी आहे, हे चालकाला वेळीच कळते. त्या भिंगात ना बत्ती असते, ना वीज. अशाच भिंगांनी रस्त्यालाही डोळे देणारा एक माणूस इंग्लंडात होऊन गेला. त्याचे नाव पर्सी शॉ.

पर्सीचा जन्म 15 एप्रिल 1890 रोजी यॉर्कशायर परगण्यातील हॅलिफॅक्स या गिरणगावी झाला. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि वडील गिरणीतील मजूर. त्यामुळे तेराव्या वर्षीच त्याची शाळा सुटली व तो कापडाच्या गिरणीत कामास लागला. पुढे त्याने वडिलांबरोबर यंत्रे दुरुस्त केली आणि नंतर रस्ते बांधण्याचा धंदा सुरू केला. पुस्तकी विद्या थोडी; पण हातात कसब होते आणि नजर चौकस होती.

हॅलिफॅक्सचा मुलूख डोंगराळ असून तेथे धुके दाट पडते. रस्त्यातील ट्रामचे रूळ घासून चकचकीत झालेले असत. मोटारीच्या प्रकाशात ते चमकले, की वळण समजे. पुढे ट्राम बंद झाली, रूळ निघाले आणि हा आधार नाहीसा झाला. 1933 च्या सुमारास एका रात्री शॉ धुक्यातून घरी येत होता. एका अंगाला खोल उतार होता. इतक्यात कुंपणावरील मांजराचे डोळे चमकले आणि आपण भलत्याच बाजूला आलो आहोत हे त्याला उमगले, असे सांगतात.

असे डोळे रस्त्यातच बसवता येतील काय, या विचाराने त्याला पछाडले. ज्या दिशेने प्रकाश येतो त्याच दिशेला तो परत पाठवणारी भिंगे त्याला ठाऊक होती. खरी अडचण निराळीच होती. चिखलाने व धुळीने ती भिंगे आंधळी होणार. मग ती रोज पुसणार कोण? शॉने त्यांना जणू पापणीच दिली. भिंगे रबरात आणि रबर बिडाच्या चौकटीत बसवले. वरून चाक गेले, की रबर दबे, भिंगे खाली जात आणि पुसली जाऊन पुन्हा वर येत. चौकटीत साठलेले पावसाचे पाणी त्यांना धुऊन काढी.

1934 मध्ये त्याने पेटंट घेतले व 1935 मध्ये कारखाना काढला. प्रारंभी मागणी बेताचीच होती. तरी त्याने धीर सोडला नाही. 1939 मध्ये महायुद्ध पेटले. विमानहल्ल्यांच्या भीतीने रस्त्यांवरील दिवे मालवले गेले, मोटारींचे दिवे झाकले गेले. त्या काळोखात या डोळ्यांचे मोल सर्वांना कळले.

1965 मध्ये ब्रिटिश सरकारने त्याचा सन्मान केला. संपत्ती आली, तरी लहानपणापासूनचे घर त्याने सोडले नाही. तेथेच 1 सप्टेंबर 1976 रोजी त्याचा अंत झाला.

सायकलीचे लाल भिंग रस्त्यातील या डोळ्यांचेच भावंड आहे. मात्र त्याला पापणी नाही. त्यावरील धूळ सायकलस्वाराने स्वतःच्या हाताने पुसावी लागते. घरून निघताना रुमालाचा एक हात फिरवणे, एवढेच ते काम आहे. पण अंधाऱ्या रस्त्यावर तेवढ्यावरच एखाद्याचे प्राण अवलंबून असतात.