टिमथी हॅकवर्थ : थंडीशीं झगडणारा इंजिनकर्ता

रोटेगांव हें आपल्या वैजापूरचेंच स्टेशन. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि पुढें सुमारें नव्वद वर्षें त्यावरून मीटर गेजच्या गाड्या धांवल्या. त्यांतील पुष्कळ काळ त्या गाड्या वाफेच्या इंजिनांनीं ओढल्या. ज्यांनीं तीं इंजिनें पाहिलीं असतील अशा घरांतील वडील मंडळींस विचारावें. पौषांतल्या पहांटे धुराड्यांतून निघणारी वाफ उन्हाळ्यांतल्यापेक्षां कितीतरी दाट दिसे, हें त्यांस आठवेल. आपल्याकडील थंडी इंजिनास एवढेंच करी. माणसाचें अंग शहारे. परंतु नळींतलें पाणी गोठत नसे.

ज्या देशांत आगगाडी जन्मास आली तेथें मात्र तसें नव्हतें. तेथें इंजिन घडविणें हें निम्मेंच काम होतें. रात्रभर हिम पडल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेंच इंजिन पुन्हां चालतें करणें हें उरलेलें निम्में, आणि पहिल्याहून कष्टाचें. हें उरलेलें काम ज्यानें आपल्या आयुष्याचा व्यवसाय म्हणून पत्करलें, त्या टिमथी हॅकवर्थचें हें अल्पचरित्र आहे. जॉर्ज स्टीफन्सनचें नांव बहुतेक प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. हॅकवर्थ त्याच्याच गांवचा. आगगाडीचा इतिहास लिहिणाऱ्या कोणासही त्यास वगळतां आलेलें नाहीं. शाळेच्या पुस्तकांत मात्र त्यास क्वचितच जागा मिळते.

इंग्लंडच्या उत्तर भागांत टाईन नदीच्या कांठीं वायलम नांवाचें खेडें आहे. तेथें २२ डिसेंबर १७८६ रोजीं, म्हणजे स्टीफन्सननंतर पांच वर्षांनीं, टिमथीचा जन्म झाला. त्याचा बाप कोळशाच्या खाणींत मुख्य लोहार होता, व मुलगाही त्याच भट्टीपाशीं उमेदवारी करूं लागला. बाप अकालीं वारला; तेव्हां उमेदवारी संपतांच, १८०७ सालीं, मालकानें त्याची जागा या विशींतल्या तरुणास दिली.

त्या काळीं खाणींतला कोळसा घोड्यांकडून रुळांवरून नदीपर्यंत नेत असत. खाणीचा मालक ब्लॅकेट यास घोड्यांऐवजीं वाफेचें इंजिन हवें होतें. पण एक शंका मोठमोठ्या लोकांच्याही मनांत होती: गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक फिरलें, तर तें जागच्या जागींच घसरत राहणार नाहीं काय? वायलमच्या लोकांनीं हातानें चाकें फिरविण्याची एक गाडी बनवून प्रयोग केला, आणि वजन पुरेसें असेल तर चाक रुळास धरतें असें ठरविलें. त्यानंतर १८१३-१४ च्या सुमारास जीं इंजिनें तेथें झालीं, त्यांतील ‘पफिंग बिली’ आज लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत आहे. या कामाचा मान विल्यम हेडली याच्याकडे जातो. परंतु त्यांतील लोहारकाम हॅकवर्थच्या हाताखालीं झालें. रविवारीं काम करण्यास त्यानें नकार दिल्यामुळें १८१६ सालीं ही नोकरी सुटली, व पुढें आठ वर्षें तो वॉलबॉटल येथील दुसऱ्या खाणीवर राहिला.

१८२५ च्या मे महिन्यांत त्यास स्टॉक्टन-डार्लिंग्टन लोहमार्गावर इंजिनांचा अधिकारी नेमण्यांत आलें. त्याच वर्षीं २७ सप्टेंबरला हा मार्ग स्टीफन्सनच्या ‘लोकोमोशन’ इंजिनानें सुरू झाला. समारंभ झाला, वाद्यें वाजलीं, लोकांनीं जयघोष केला. समारंभानंतर इंजिनें शिल्डन गांवीं हॅकवर्थच्या ताब्यांत आलीं, आणि त्यापाठोपाठ हिंवाळा आला.

या ठिकाणीं थंडी इंजिनाचें काय करते तें थोडें समजून घेतलें पाहिजे. इंजिनास विस्तव जितका लागतो तितकेंच पाणी लागतें. तें मागच्या टांकींत असतें, टांकीपासून निघणाऱ्या नळींत असतें, पंपांत असतें व बॉयलरांत असतें. इंजिन चालत असतां या सर्वांस ऊब असते; रात्रीं विस्तव विझला म्हणजे सारें पाणी हिमाच्या स्वाधीन होतें. पाणी गोठतांना आकारानें शेंकडा नऊइतकें वाढतें, आणि बिडाचें लोखंड ताण सोसण्यास फार दुबळें. नळी फुटते, पंप फुटतो. त्या वेळचा पंप इंजिनाच्या गतीवरच चाले. म्हणजे गाडी हालल्याशिवाय बॉयलरांत पाणी जात नसे, आणि बॉयलरांत पाणी कमी पडणें म्हणजे प्राणावरचें संकट. सिलिंडरची गोष्ट निराळी. थंड कांचेच्या पेल्यांत उकळता चहा ओतला तर पेला तडकतो, तसाच गारठलेल्या सिलिंडरांत एकदम वाफ सोडली तर तोही तडकण्याचा संभव असतो. शिवाय वाफेचें आंत पाणी होऊन सांचलें, तर तें पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्याचा तडाखा बसून सिलिंडरचें झांकण उडतें. म्हणून रात्रीं जेथलें काढतां येईल तेथलें पाणी काढून टाकावें, नाहीं तर मंद विस्तव राखून कोणी तरी जागावें. आणि सकाळीं सिलिंडर हळूहळू तापवून आंतलें पाणी तोट्यांवाटें सोडून द्यावें. याखेरीज रुळांवर दंव जमलें कीं चाकें घसरत, तें वेगळेंच. ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर नव्हतें. वाचकांस हें सर्व क्षुल्लक वाटेल. परंतु इंजिन कीं घोडा हा प्रश्न असल्या क्षुल्लक गोष्टींवरच ठरावयाचा होता.

१८२७ सालपर्यंत तो जवळजवळ घोड्याच्या बाजूनें ठरलाच होता. इंजिनें वारंवार बंद पडत, वाफ अपुरी पडे, दुरुस्तीचा खर्च वाढे. आणि तीं सोडून द्यावींत असा विचार चालकांत बळावला. हॅकवर्थनें आपल्या पद्धतीनें एक इंजिन करूं देण्याची मागणी केली. टाकून दिलेल्या एका इंजिनाचा बॉयलर घेऊन त्यानें ‘रॉयल जॉर्ज’ बनविलें. त्यास सहा चाकें होतीं, व सहाही एकमेकांस जोडलेलीं. त्यामुळें इंजिनाचें सारें वजन रुळ धरण्याच्या कामीं येई, मग रुळ ओला असो कीं दंवानें भिजलेला. आगीचा नळ बॉयलरांतून जाऊन पुन्हां परत आणला होता, त्यामुळें उष्णता वायां कमी जाई. वापरलेली वाफ निमुळत्या तोंडानें धुराड्यांत सोडल्यामुळें विस्तव आपोआप फुंकला जाई. ही शेवटची युक्ति प्रथम कोणाची, यावर स्टीफन्सनचे व हॅकवर्थचे अनुयायी शंभर वर्षें भांडले. आम्हांस त्या भांडणांत पडावयाचें नाहीं; युक्ति नेमकी बसवून रोजच्या कामांत खरी करून दाखविली ती हॅकवर्थनें, एवढें निश्चित. १८२८ सालच्या हिशेबांत रॉयल जॉर्जनें वाहिलेल्या मालाचा खर्च ४६६ पौंड पडला; तेवढ्याच मालास घोड्यांकडून ९९८ पौंड पडले असते. घोड्यांचा विषय तेथें मागें पडला.

१८२९ च्या ऑक्टोबरांत रेनहिल येथें इंजिनांची प्रसिद्ध शर्यत झाली. हॅकवर्थनें कंपनीचें काम सांभाळून, स्वतःच्या पैशानें व बहुतेक रात्रीं जागून ‘सां पारेय’ नांवाचें इंजिन केलें. ज्यास तोड नाहीं असा त्या फ्रेंच नांवाचा अर्थ. तें नियमापेक्षां थोडें जड भरलें. तरी त्यास धांवूं देण्यांत आलें. कांहीं फेऱ्यांनंतर त्याचा पंप बिघडला, आणि बक्षीस स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ला मिळालें. रॉकेट हें उत्तम इंजिन होतें यांत शंका नाहीं. पण हरलेलें सां पारेयही विकत घेतलें गेलें, आणि बोल्टनच्या मार्गावर १८४४ पर्यंत गाड्या ओढीत राहिलें.

पुढें हॅकवर्थनें शिल्डन येथें स्वतःचा कारखाना काढला. १८३६ सालीं त्या कारखान्यांतून एक इंजिन रशियास गेलें. सेंट पीटर्सबर्गहून त्सार्स्कोये सेलो या राजग्रामीं जाणारी, त्या देशांतील पहिली सार्वजनिक आगगाडी तेव्हां तयार होत होती. इंजिनाबरोबर हॅकवर्थनें आपला मुलगा जॉन वेस्ली यास पाठविलें. मुलाचें वय सोळा वर्षांचें होतें. कोणत्याही आईबापांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबून विचार करावा. सोबत जॉर्ज थॉम्प्सन नांवाचा कारखान्यांतला मुकादम व कांहीं कारागीर होते. बंदरावर उतरल्यावर बर्फावरून घसरगाड्यांनीं जावें लागलें. वाटेंत लांडगे पाठीस लागले, आणि हिमानें मद्याच्या बाटल्या फुटल्या, असें त्या कुटुंबांत सांगत आलेल्या हकीकतींत आहे.

मुक्कामीं पोंचून इंजिन जोडलें, आणि ज्याची भीति होती तेंच झालें. त्या भयंकर थंडींत सिलिंडर तडकला. नवा सिलिंडर मिळण्यासारखें जवळ कांहीं नव्हतें. इंग्लंडहून मागवावा तर मधला समुद्र गोठत चाललेला. तेव्हां थॉम्प्सन मास्कोस निघाला. हें अंतर मनमाड-सिकंदराबादपेक्षांही अधिक. आणि आगगाडी नाहीं, कारण आगगाडी चालविण्यासाठींच तर हा सारा खटाटोप. तेथें त्यानें लांकडी नमुना स्वतः करून दिला, नवा सिलिंडर ओतवून घेतला, आंतून कातवून साफ केला, आणि तें धूड घेऊन बर्फांतून परत आला. सिलिंडर बसविला, इंजिन चाललें. तेथील धर्मगुरूंनीं तीर्थजल शिंपडून, धूप जाळून व गायकांच्या घोषांत इंजिनास आशीर्वाद दिला, आणि झार निकोलस यानें सहकुटुंब येऊन तें पाहिलें. शिल्डनच्या लोहाराचा मुलगा झारपुढें उभा राहिला. तरी आमच्या मतें त्या हिंवाळ्यांतील खरा प्रसंग दरबारचा नव्हे, तर मास्कोच्या वाटेवरचा होय. हॅकवर्थ स्वतः त्या वेळीं शिल्डनमध्यें होता. परंतु ज्यानें नमुना घडविला तो हात त्याच्याच कारखान्यांत तयार झालेला होता.

१८४० सालीं त्यानें लोहमार्गाची नोकरी सोडून सर्व लक्ष कारखान्यांत घातलें. १८४९ मध्यें, साठी उलटल्यावर, त्यानें ‘सां पारेय’ नांवाचें दुसरें इंजिन बनविलें, आणि त्याच्या मुलानें जॉर्जचा पुत्र रॉबर्ट स्टीफन्सन यास पुन्हां एकदां शर्यतीचें जाहीर आव्हान दिलें. ती शर्यत झाली नाहीं. ७ जुलै १८५० रोजीं शिल्डन येथें हॅकवर्थ मरण पावला. त्यानंतर तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदरहून ठाण्यास आपल्याकडील पहिली उतारूंची आगगाडी निघाली.

रेनहिलला हरलेलें जुनें सां पारेय पुढें एका खाणींत १८६३ पर्यंत पाणी उपसण्याच्या कामीं लागलें. आज तें शिल्डनच्याच रेल्वे-संग्रहालयांत, जेथें घडलें त्याच गांवीं, उभें आहे.