दार उघडे ठेवणारे पाळक : रेव्हरंड नारायण वामन टिळक





काही दिवसांपूर्वी आम्ही आपल्याच धर्मग्रामातील एका घरी संध्याकाळच्या रोझरीला गेलो होतो. रोझरी आटोपली आणि त्या घरच्या सूनबाईंनी एक अभंग म्हटला. सूनबाईंचे माहेर प्रॉटेस्टंट. अभंग सर्वांना आवडला. घरातले आजोबा मात्र आम्हाला हळूच म्हणाले की फादर, गाणे गोड आहे, पण ते आपले नाही, टिळकांचे आहे. आजोबांच्या मनात राग नव्हता. लहानपणापासून जे ऐकले तेच त्यांनी सांगितले. सूनबाईंचा चेहरा मात्र थोडा उतरला. घरी परतताना 'आपले' आणि 'त्यांचे' हे दोन शब्द आमच्या मनातून जाईनात. म्हणून या रविवारी टिळकांविषयीच लिहावे असे ठरवले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे धर्मगुरू नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे पाळक होते. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा धागा आपल्या नाशिकशी जोडलेला आहे, आणि महाराष्ट्रातील कोणत्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत.

त्यांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेल्या. नारायण लहान असतानाच आई वारली. वडिलांचा स्वभाव कडक. आईविना त्या घरात मुलाचे मन रमेना. घर सोडून तो नाशिकला आला. गोदाकाठच्या या शहरात त्याला गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे गुरू भेटले. त्यांच्याकडे तो संस्कृत शिकला, काही काळ इंग्रजी शाळेतही गेला. पोटापाण्यासाठी मात्र शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले.

1880 साली त्यांचे लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची. माहेरचे नाव मनकर्णिका, सासरी झाली लक्ष्मी. आपल्या पिंपळगावहून हे जलालपूर काही फार दूर नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्नाच्या वेळी ती अगदी लहान होती. नवरा तापट, लहरी आणि मनाने अतिशय हळवा. कधी कोणाला न सांगता घरातून निघून जावे, कधी भलत्याच गावी नोकरी धरावी, ती सोडावी, पुन्हा दुसरीकडे जावे, असा त्यांचा क्रम. शिक्षकी झाली, कीर्तने झाली, पुराण सांगणे झाले, मासिक चालवणे झाले. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे कामही झाले. एवढ्या भटकंतीत त्यांना एकच प्रश्न छळत होता. हा देश असा खचलेला का आणि जातिभेदाने माणूस माणसापासून तुटलेला का? याला उत्तर देणारा धर्म त्यांना हवा होता. नवा धर्म आपणच स्थापन करावा असेही त्यांच्या मनात येऊन गेले.

पुढची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि तो वाचून काढण्याचे वचन घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर टिळकांना पुस्तक खाली ठेवता येईना. कित्येक वर्षे जे शोधत होतो ते येथे आहे, असे त्यांना वाटले. तरीही त्यांनी घाई केली नाही. वाचन, पत्रव्यवहार, वादविवाद यांत बराच काळ गेला. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बंधुभगिनींनो, साधारणपणे चरित्र सांगणारे येथे आनंदाने थांबतात. आम्हाला मात्र येथून पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. टिळकांना ख्रिस्त भेटला, पण त्याच दिवशी लक्ष्मीबाईंचे घर मोडले. पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा. सवाष्ण असून नवरा नाही, अशी लोकांच्या नजरेत विचित्र अवस्था. बातमी ऐकून त्यांची जी दशा झाली ती त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहिली आहे. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीतील उत्तम आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते. त्यातील विरहाची पाने वाचताना आमच्यासारख्या धर्मगुरूला बोचते, कारण ज्या घटनेला आपण कृपा म्हणतो तिची किंमत तेथे दुसरेच माणूस मोजत असते.

सुमारे पाच वर्षे ही ताटातूट चालली. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरास नातेवाइकांकडे राहिल्या. टिळकांवर दोन्ही बाजूंनी दडपण होते. पण त्यांनी दुसरे लग्न केले नाही, पत्नीला टाकले नाही आणि तिच्यावर आपला धर्मही लादला नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. स्वभावाने उतावळा असलेला हा माणूस या एका बाबतीत धीर धरून राहिला.

लक्ष्मीबाई परत आल्या त्या ब्राह्मण म्हणूनच. आपले सोवळेओवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला आणि टिळकांनी तो ठेवू दिला. एका छपराखाली दोन श्रद्धा नांदू लागल्या. हळूहळू लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला की जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी शिवाशीव सोडली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा हा प्रवास त्यांच्या स्वतःच्या पायांनी झाला, टिळकांनी हात धरून ओढला नाही. अंतःकरणात काम करणारा पवित्र आत्मा आहे आणि आपण केवळ अडथळा व्हायचे नाही, ही गोष्ट सेमिनरीत आम्ही पुस्तकातून शिकलो. टिळकांना ती स्वतःच्या घरात शिकावी लागली.

त्यानंतर तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे त्यांच्या कामाचे मुख्य ठिकाण झाले. तेथे ते धर्मशिक्षण देत. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. दुष्काळाने आणि प्लेगने पोरकी झालेली मुले, विद्यार्थी, कवी, वाट चुकलेले वाटसरू, सर्वांना तेथे जागा मिळे. बालकवी ठोंबरे हे काही काळ याच घरात राहिले. पगार हाती आला की बराचसा गरजूंना वाटला जाई आणि मग चूल कशी पेटवायची हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे उभा राही. टिळक चटकन संतापत आणि चटकन पश्चात्तापही पावत. हे सर्व लक्ष्मीबाईंनी न लपवता, हसतखेळत लिहिले आहे. संत म्हणजे दोष नसलेला माणूस, अशी आपली समजूत असेल तर ती टिळकांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

1912 पासून अखेरपर्यंत ते 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. 1842 मध्ये सुरू झालेल्या या पत्रातून ते ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या जीवनाविषयी लिहीत. उपासना कशी असावी, मंडळीचा खर्च मंडळीनेच का उचलावा, परदेशी मिशनऱ्यांनी एतद्देशीय बांधवांशी धन्यासारखे न वागता भावासारखे का वागावे, ख्रिस्ती माणसाने देशावर प्रेम का करावे, असे त्यांचे विषय असत. मिशनऱ्यांमध्ये त्यांचे जिवलग मित्र होते, तरी खरे बोलण्यास ते कचरले नाहीत.

आणि त्यांनी गाणी लिहिली. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता शाळेत अनेकांनी पाठ केली असेल. ख्रिस्ती उपासनेत तेव्हा परदेशी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा असे. टिळकांनी येशूला ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाच्या अभंगातून हाक मारली. 'ख्रिस्तायन' हे येशूचे काव्यमय चरित्र त्यांनी आरंभले. ते अपुरे राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आपल्या कॅथलिक परंपरेत असे काम जेजुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी गोव्यात फार पूर्वी केले होते. त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 साली राशोल येथे छापले गेले. म्हणजे ही वाट आपल्यालाही नवी नव्हती. आपण मध्येच ती विसरलो होतो, इतकेच.

आपल्यापैकी अनेकजण द्राक्षबागेत कामाला जातात, काहींच्या स्वतःच्या बागा आहेत. आपल्या शेतकऱ्यांनी डॉगरिजचा खुंट लावून त्यावर थॉमसनचे कलम करायला का सुरुवात केली? कमी पाण्यात, खारवट जमिनीत तो खुंट तग धरतो म्हणून. मूळ या मातीत टिकणारे आणि घड मात्र कलमाचा. टिळकांनी आपल्या श्रद्धेचे काहीसे असेच केले. ख्रिस्ताला स्वीकारण्यासाठी आपली भाषा, आपला अभंग, आपले देशप्रेम उपटून टाकावे लागत नाही, असे त्यांनी जगून दाखवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकांच्या भाषेतील उपासनेला वाव दिला आणि आज आपण मराठीत मिस्सा ऐकतो. टिळकांनी तोच ध्यास जवळजवळ अर्धशतक आधी घेतला होता.

1917 साली त्यांनी आणखी एक पाऊल उचलले. मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, पण येशूला गुरू मानणारे, असे सर्वजण तेथे भावंडांसारखे एकत्र यावेत ही त्यांची कल्पना. येथे आम्ही आपले मत स्पष्ट सांगतो. स्नानसंस्कार हे ख्रिस्तसभेत येण्याचे दार आहे, अशी आपली श्रद्धा आहे आणि ती आम्ही सोडू शकत नाही. पण टिळकांनी उभा केलेला प्रश्न आम्हाला टाळताही येत नाही. येशूवर प्रेम करणारे, पण आपल्या दाराशी येऊन आपल्याच वागण्यामुळे परत जाणारे किती असतील? नाताळच्या गव्हाणीपुढे हात जोडणारे आपले शेजारी आठवा. त्यांना आपण आत या म्हणतो की नुसते बघत राहतो?

हे काम ऐन उमेदीत असतानाच 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबार फार वाढला नाही. एक वर्ष आधीच त्यांचे लाडके बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले होते. लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या. त्यांनी 'ख्रिस्तायन' पुरे केले, 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि 1936 साली देह ठेवला. टिळकांवर इतक्या प्रेमाने आणि इतक्या खरेपणाने दुसऱ्या कोणी लिहिले नाही. ज्या बाईचे घर त्यांच्या निर्णयाने मोडले होते, तिनेच हे लिहिले, यातच पुष्कळ आले.

या चरित्राकडे पाहताना आम्हाला स्वतःला एक कबुली द्यावीशी वाटते. धर्मगुरू असो की धर्मग्रामाचा कार्यकर्ता, बाहेरची सेवा आपल्याला सोपी वाटते. तिला लोकांची वाहवा असते. त्या सेवेचा भार घरात कोण उचलते हे आपण पाहत नाही. पाहुण्यांना जेवायला थांबवणारा एक असतो आणि पीठ मळणारी दुसरी असते. टिळकांच्या उघड्या दाराचे कौतुक करताना त्या दारामागे उभ्या असलेल्या लक्ष्मीबाईंचे स्मरण केले नाही, तर ते कौतुक अर्धेच राहील.

आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत जेथे एकाची श्रद्धा एक आणि दुसऱ्याची दुसरी आहे. कोणाची सून दुसऱ्या पंथातून आली आहे, कोणाचा मुलगा मिस्साला येत नाही, कोणाचे माहेर दुरावले आहे. अशा घरांना आमचे सांगणे एवढेच की टिळकांची पाच वर्षे आठवा. पत्र लिहिणे थांबवू नका, वेगळी चूल मांडली तर मांडू द्या आणि प्रार्थना करीत वाट पाहा. 1964 साली व्हॅटिकन परिषदेने इतर पंथांच्या ख्रिस्ती लोकांना आपले बांधव म्हटले आहे. ते कागदावर राहू नये, आपल्या ओसरीवर दिसावे.

त्या आजोबांच्या घरी आम्ही पुन्हा रोझरीला जाणार आहोत. सूनबाईंनी तोच अभंग पुन्हा म्हणावा अशी आमची विनंती आहे. आजोबांनी टाळ धरावा, ही दुसरी विनंती.

प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना एकोप्याचा आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू