गायनगुरू अल्लादिया खाँ

आपल्या मंडळाच्या गायनवर्गात मी मुलींना शिकवते. वर्षअखेरीस आया हौसेने विचारतात, मुलीचे राग किती झाले? अशा वेळी मला खाँसाहेब अल्लादिया खाँ यांचे चरित्र सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म १८५५ साली राजस्थानात उनियारा येथे झाला. चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांना तालीम दिली. तरुणपणी आमलेटा येथे संस्थानिकांपुढे अतोनात गावे लागले आणि त्यांचा आवाज बसला. पुढे तो परत आला, पण पूर्वीचा लवचीकपणा राहिला नाही. गवयाला याहून मोठे संकट कोणते? खाँसाहेबांनी मात्र उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी, लयीशी बांधलेली पेचदार गायकी घडविली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी झाली. आवाजाची मर्यादा ओळखूनही मोठे गाणे उभे राहते, हे ते स्वतःच्या देहावर शिकले होते. माझ्या मते त्यांच्या गुरुपणाचे मूळ येथेच आहे.

कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी ते दरबारगायक होते. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर ते मुंबईस आले. त्या काळी घराण्याची विद्या सहसा घरातच राखीत. खाँसाहेबांनी ती भास्करबुवा बखल्यांना दिली, तशीच गोमंतकातल्या दोन स्त्रियांनाही दिली. केरीच्या केसरबाई १९२१ पासून त्यांच्याकडे शिकू लागल्या. कुर्डीच्या मोगूबाईंचा रियाज त्यांनी सांगलीत जाता-येता ऐकला आणि आपण होऊन शिकविणे सुरू केले. गुरूने शिष्येचे दार ठोठवावे, ही गोष्ट साधी नव्हे.

मोगूबाईंची वाट मात्र सोपी नव्हती. त्यांच्या मागोमाग त्या मुंबईस आल्या, तरी खाँसाहेबांनी इतरांस शिकवू नये अशी अट आड आली. मोगूबाईंनी त्यांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिक्षण चालू ठेवले. अखेर १९३४ साली खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. थोर गुरूच्या दारीही शिष्येला सोसावे लागते, हे चरित्र सांगताना झाकून ठेवू नये.

१९४६ साली मुंबईत खाँसाहेब निवर्तले. मागे राहिलेल्या या दोघींचे गाणे पाहा! केसरबाईंचा आवाज भरदार व रुंद, तर मोगूबाईंची ख्याती लयीवरच्या हुकमतीची. एकाच गुरूचे शिक्षण, पण एकीला ऐकून दुसरीचा भास होत नाही. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. मोगूबाईंनी आपली विद्या कन्या किशोरी आमोणकर यांच्या हाती दिली, आणि किशोरीताईंनी त्यातून पुन्हा आपले वेगळेच गाणे काढले.

म्हणून आयांना माझे एवढेच सांगणे आहे. राग किती झाले ते वहीत लिहिलेले असतेच. मुलगी माझी नक्कल करते आहे की तिचा स्वतःचा आवाज मोकळा होतो आहे, हे मला विचारीत जा. त्याचे उत्तर देणे हेच माझे खरे काम आहे.