बालकांची सेविका डॉ. मारिया मॉन्टेसरी

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत बालवर्गाविषयीं कांहीं लिहावें असें संपादकमंडळाचें सांगणें आलें. कोरडा उपदेश करण्यापेक्षां, ज्यांच्या नांवाच्या पाट्या अमरावती-अकोल्यांत जागोजागीं दिसतात, परंतु ज्यांचें चरित्र फार थोड्यांस ठाऊक आहे, त्या बाईंची हकीकत सांगावी हें मला अधिक इष्ट वाटलें. मॉन्टेसरी हें शाळेंतील एखाद्या इयत्तेचें नांव असावें अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तें एका इटालियन कॅथलिक स्त्रीचें आडनांव आहे, आणि ह्या स्त्रीनें आपल्या उत्तरायुष्यांतील बरींच वर्षें हिंदुस्थानांत घालविलीं. नाताळच्या दिवसांशीं तर त्यांच्या कार्याचा असा कांहीं संबंध जडलेला आहे कीं, तो आपल्या शिक्षिकांनीं व मातापित्यांनीं अवश्य जाणून घ्यावा.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजीं इटलींतील आंकोना शहराजवळच्या क्यारावाल्ले ह्या गांवीं झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी नोकर व जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे ह्यांस वाचनाची मोठी आवड. मारिया लहान असतांनाच कुटुंब रोम शहरीं येऊन राहिलें. मुलीनें फार तर शिक्षिका व्हावें असें वडिलांस वाटे. मुलीनें मात्र वैद्यकाचा हट्ट धरिला, आणि आईनें तिची पाठ राखिली. त्या काळीं पुरुष विद्यार्थ्यांसमवेत स्त्रीनें शवविच्छेदन करणें अनुचित मानीत. म्हणून इतर सर्व निघून गेल्यावर ह्या मुलीस एकटीनें प्रेतांच्या सान्निध्यांत तें काम करावें लागे. १८९६ मध्यें त्या डॉक्टर झाल्या. इटलींतील अगदीं पहिल्या स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते.

पुढें विद्यापीठाच्या मानसरोग-चिकित्सालयांत काम करीत असतां मंदबुद्धि बालकांची दैना त्यांच्या दृष्टीस पडली. हीं मुलें वेड्यांबरोबर कोंडून ठेविलेलीं असत. इतार व सेगँ ह्या दोन फ्रेंच वैद्यांचे जुने ग्रंथ बाईंनीं मिळविले, ते स्वहस्तें उतरून काढिले, आणि त्यांतील साधनें वापरून ह्या मुलांस शिकविलें. त्यांतील कांहीं मुलें साधारण मुलांच्या परीक्षेस बसून उत्तीर्ण झालीं! लोकांनीं वाहवा केली. बाईंस मात्र निराळीच चिंता पडली: मंदबुद्धि मुलें एवढी मजल मारितात, तर चांगल्या धडधाकट मुलांस आपल्या शाळा एवढ्यावरच कां अडवून ठेवितात?

ह्याच काळांत त्यांच्या आयुष्यांत एक गोष्ट घडली, जी पूर्वींचे चरित्रकार टाळीत असत. टाळण्यांत कांहीं स्वारस्य नाहीं. जुझेप्पे मॉन्तेसानो नामक सहकारी डॉक्टरांशीं त्यांचा स्नेह जडला. विवाह मात्र झाला नाहीं. आणि ३१ मार्च १८९८ रोजीं त्यांस मारिओ नांवाचा पुत्र झाला. लोकलज्जेस्तव हें मूल खेड्यांतील एका कुटुंबाकडे वाढविण्यास दिलें. आई अधूनमधून भेटीस जाई, परंतु ही आपली आई हें मुलास कोणीं सांगितलें नव्हतें. त्यांच्या स्वतःच्या आईचा १९१२ मध्यें मृत्यु झाल्यानंतरच, म्हणजे मुलगा पंधराच्या घरांत आल्यावर, तो त्यांच्यापाशीं राहावयास आला. आणि तेव्हांही जगापुढें कित्येक वर्षें तो पुत्र म्हणून नव्हे, तर आप्त किंवा मानलेला मुलगा म्हणूनच वावरला. ह्यांत दोष कोणाचा किती, ह्याचा निवाडा करणें आपलें काम नव्हे. इतकेंच ध्यानांत असावें कीं, परक्यांच्या मुलांसाठीं घर उघडणाऱ्या ह्या आईचें स्वतःचें लेकरूं त्या वेळीं परक्याच्या घरीं होतें.

तें घर उघडलें तो दिवस ६ जानेवारी १९०७, म्हणजे तीन राजांचा सण. रोममध्यें सान लोरेंझो म्हणून मजुरांची वस्ती होती. तेथील मोडकळीस आलेल्या चाळी एका गृहकंपनीनें दुरुस्त केल्या. परंतु आईबाप कामावर गेले म्हणजे लहान मुलें दिवसभर मोकाट हिंडत आणि नव्या भिंती खराब करीत. कंपनीचे संचालक एदुआर्दो तालामो यांनीं विचार केला कीं, भिंतींच्या रंगसफेदीवर वरचेवर खर्च करण्यापेक्षां मुलांस एका खोलींत संभाळलेलें बरें. पुण्यकर्माच्या मुळाशीं अशी भिंतीची काळजी असावी ह्याचें मला हंसूं येतें. पण देवाची योजना पुष्कळदां अशाच दारानें आंत येते. तीन ते सहा-सात वर्षांचीं पन्नासएक मुलें जमलीं. भेदरलेलीं, रडकीं, मळकट. सणाच्या मिस्सांतील यशया संदेष्ट्याचें वाचन बाईंच्या मनांत घोळत होतें. यरुशलेमेवर प्रकाश उगवतो व दूरदूरचीं राष्ट्रें त्या प्रकाशाकडे येतात, असें तें वाचन आहे. उद्घाटनप्रसंगीं बोलतांना बाईंनीं त्या फाटक्या मुलांच्या खोलीस तें लावून दाखविलें. ऐकणारांस ती अतिशयोक्ति वाटली.

ह्या बालगृहांतील नित्यक्रम कसा होता? प्रथम हात-तोंड धुणें, केस विंचरणें, गुंड्या लावण्याचा सराव, पाणी न सांडतां ओतणें, खुर्ची आवाज न करितां उचलणें. मग साधनें. लाकडी ठोकळ्यांतील भोकांत लहानमोठे दट्टे बसविण्यांत तीन वर्षांची एक मुलगी गढून गेली. बाईंनीं तिच्याभोंवतीं इतर मुलांकडून गाणीं म्हणविलीं. तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेविलें. तिनें मांडीवर ठोकळा धरून चाळिसांहून अधिक वेळां तेंच काम केलें, आणि मग झोपेंतून ताजी उठावी तशी प्रसन्न मुद्रेनें थांबली. एके दिवशीं शिक्षिका कपाटास कुलूप लावावयास विसरली. येऊन पाहते तों मुलांनीं आपापलें साधन निवडून काम आरंभिलें होतें. ती रागावली, बाई मात्र ह्यावरून शिकल्या, आणि तेव्हांपासून कपाटें बुटकीं व उघडीं झालीं. शेंबूड कसा पुसावा हें त्यांनीं एकदां रुमाल घेऊन नीट करून दाखविलें, तों मुलांनीं टाळ्या पिटल्या. ह्या गोष्टीवरून मुलें नेहमीं बोलणींच खातात, त्यांस सन्मानानें कोणी शिकवीत नाहीं, असा त्यांनीं बोध घेतला.

सर्वांत मला आवडते ती मौनाची गोष्ट. एकदां बाईंनीं अंगणांतून चार महिन्यांचें एक तान्हें बाळ आईच्या हातून घेतलें व वर्गांत आणिलें. बाळ कपड्यांत गुंडाळलेलें व अगदीं शांत होतें. हें बाळ किती निवांत आहे, त्याचा श्वासही ऐकूं येत नाहीं, त्याच्याइतकें शांत तुम्हांला राहतां येईल काय, असें त्यांनीं मुलांस विचारिलें. पन्नास मुलें श्वास आंवरून बसलीं. घड्याळाची टिकटिक ऐकूं येऊं लागली. गव्हाणीपुढें मुलांस गप्प बसविण्यासाठीं आपण डोळे वटारतों, दटावतों. आणि येथें एका तान्ह्या बाळानें तें काम न बोलतां केलें.

त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरांतील एका उबदार दिवशीं, बाई मुलांस घेऊन गच्चीवर गेल्या होत्या. पांच वर्षांच्या एका मुलास त्यांनीं खडूनें समोरच्या धुरांड्याचें चित्र काढावयास सांगितलें. त्यानें तें काढिलें. शाबासकी मिळतांच तो मुलगा क्षणभर थबकला आणि आपणांस लिहितां येतें म्हणून आनंदानें ओरडला. त्यानें फरशीवर हात, धुरांडें, छप्पर हे शब्द लिहून काढिले. कोणीं त्याला लेखणी धरून गिरवावयास लाविलें नव्हतें. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटें फिरवितां फिरवितां हातानें अक्षर आधींच ओळखलें होतें. मग एकामागून एक मुलें लिहूं लागलीं. जमिनीवर, दारांवर, घरीं पावाच्या कवचावरसुद्धां! नोव्हेंबरांत अक्षरांचा आरंभ, आणि दीड महिन्यानें, नाताळच्या सुमारास, चार वर्षांच्या दोन मुलांनीं सर्वांच्या वतीनें तालामो साहेबांस शुभेच्छांचें व आभारांचें पत्र लिहिलें. त्यावर एकही डाग किंवा खाडाखोड नव्हती. ज्यांनीं भिंती वांचविण्यासाठीं मुलें कोंडलीं, त्यांच्या हातीं नाताळची ही भेट आली.

१९०९ मध्यें बाईंनीं आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि त्यांचें नांव देशोदेशीं गेलें. त्याच सुमारास, २८ डिसेंबर १९०८ च्या मेस्सिना येथील भयंकर भूकंपानें पोरक्या झालेल्या मुलांस रोममधील फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी ह्या धर्मभगिनींनीं आपल्या मठांत आश्रय दिला होता. तीं मुलें हंसत नसत, जेवत नसत. ह्या भगिनींनीं बाईंची पद्धति आपल्या घरांत घेतली, आणि फुलें मांडणें, ताटें लावणें, एकमेकांस वाढणें असलीं साधीं कामें करितां करितां तीं मुलें हळूहळू माणसांत आलीं.

ह्या पद्धतीवर आपल्याच ख्रिस्तसभेंतील कांहीं विद्वानांनीं आक्षेप घेतले. मुलाच्या स्वातंत्र्याविषयीं एवढें बोलणारी बाई मूळ पापाचा सिद्धांत विसरते काय, अशी त्यांस शंका येई. आक्षेप अगदींच निराधार होता असें मीं म्हणणार नाहीं. बाईंच्या लेखणीस भरतें आलें म्हणजे ती कांठ पाहत नसे. परंतु उत्तर त्यांनीं कृतीनें दिलें. १९१५ च्या पुढें स्पेनमधील बार्सेलोना येथें विन्सेंशियन धर्मगुरूंच्या साह्यानें मुलांसाठीं एक छोटें प्रार्थनामंदिर उभें राहिलें. खुर्च्या मुलांच्या मापाच्या. तीर्थपात्र त्यांचा हात पोंचेल इतक्या उंचीवर. उपासनावर्षाचा काळ बदलला कीं पडद्यांचे रंग बदलत. त्याहून रम्य गोष्ट म्हणजे मुलांनीं स्वतः गहूं पेरिला व द्राक्षवेली लाविल्या. पेरणी आणि कापणी हे सणच झाले, आणि मिस्साची भाकर व द्राक्षारस कोठून येतात हें त्यांस पुस्तकावांचून कळलें. १९१८ मध्यें पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं बाईंच्या कार्यास आशीर्वाद दिला.

शेतकऱ्यांच्या ह्या वऱ्हाडांत तो गहूं मनास फार भिडतो. आगमनकाळांत आपल्या रानांत गहूं हिरवा असतो आणि कापसाची वेचणी चालूं असते. वसई-गोव्याकडील कुटुंबांत गव्हाणीसाठीं ताटलींत धान्य रुजवितात; आपल्या बालवर्गांतही तें सहज करितां येण्याजोगें आहे. येथें एक कबुली देतों. तरुणपणीं एका खेड्यांत असतांना मीं गव्हाणीभोंवतीं दोरी बांधून मुलांस दूर ठेवीत असें. नाताळच्या सकाळीं एक चार वर्षांची पोर दोरीखालून आंत शिरली आणि बाळ येशूच्या अंगावर सरकीसकट कापसाचें बोंड ठेवून आली. मीं तिला सर्वांदेखत रागें भरलों. थंडी कडाक्याची होती, आणि मूर्तीच्या अंगावर वस्त्र नव्हतें, हें माझ्या ध्यानांत दुपारीं आलें. दोरी मग सोडिली. पण ती मुलगी त्या वर्षीं पुन्हां गव्हाणीजवळ आली नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. मुसोलिनीनें प्रथम बाईंस उचलून धरिलें आणि १९३४ मध्यें त्यांच्या शाळा बंद पाडिल्या. जर्मनींत हिटलरनें तेंच केलें. १९३६ च्या यादवींत बार्सेलोना सोडावें लागलें. सत्तरीकडे झुकलेल्या बाई १९३९ च्या नोव्हेंबरांत मारिओसह मद्रासला आल्या. निमंत्रण अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीचें होतें. त्यामुळें कांहीं कॅथलिकांच्या मनांत किंतु आला, आणि तो स्वाभाविकच होता. तेथील पहिल्याच वर्गास सुमारें तीनशें विद्यार्थी होते. बाई इटालियनमध्यें बोलत आणि मारिओ इंग्रजींत सांगत. १९४० च्या जूनांत इटली युद्धांत उतरला. मायलेंकरें शत्रुराष्ट्रीय ठरलीं. बाईंस अड्यारच्या आवारांत स्थानबद्ध केलें, आणि मारिओस आपल्या महाराष्ट्रांतच, अहमदनगरच्या छावणींत, ठेविलें. ३१ ऑगस्टला बाईंस सत्तर वर्षें पूर्ण झालीं. त्या दिवशीं व्हाइसरॉयांची तार आली कीं वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा पुत्र परत पाठवीत आहोंत. त्या तारेंत मारिओचा उल्लेख पुत्र असाच होता. बेचाळीस वर्षें जो शब्द झांकून ठेविला, तो परक्या सरकारच्या कागदावर उघडपणें आला.

बाई पुढें कोडाईकनाल, अहमदाबाद इत्यादि ठिकाणीं वर्ग चालवीत राहिल्या. १९४६ मध्यें त्या युरोपास परतल्या, पुन्हां आल्या, आणि १९४९ मध्यें त्यांनीं हा देश कायमचा सोडिला.

परंतु त्यांचें शिक्षण मराठी मुलांपर्यंत त्याआधींच पोंचलें होतें, आणि त्यांत अमरावतीचा धागा आहे. प्रार्थनासमाजी घराण्यांतील ताराबाई केळकर १९१५ मध्यें अमरावतीच्या मोडक वकिलांशीं विवाह करून येथें आल्या व कांहीं वर्षें राहिल्या. संसार टिकला नाहीं. पुढें १९२३ मध्यें त्या भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत गेल्या. गिजुभाईंनीं बाईंच्या ग्रंथांवरून तें आरंभिलें होतें. दोघांनीं १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. (गिजुभाई जून १९३९ मध्यें वारले; बाई नोव्हेंबरांत आल्या!) १९४५ मध्यें ताराबाईंनीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम उभारिलें, आणि अनुताई वाघ यांच्या साह्यानें महागड्या साधनांच्या जागीं बिया, शिंपले, खडे, पानें आणिलीं. आपल्या बालवर्गांत चिंचोके मोजणारीं मुलें आहेत, तीं ह्याच वाटेनें आलेलीं आहेत.

६ मे १९५२ रोजीं हॉलंडमधील नूर्डवाइक ह्या समुद्रकांठच्या गांवीं बाईंचा देहान्त झाला. तेथील कॅथलिक स्मशानांत त्यांची कबर आहे. मृत्युपत्रांत त्यांनीं मारिओस आपला पुत्र म्हणून लिहिलें. मारिओनीं पुढें तीस वर्षें आईचें काम चालविलें आणि १९८२ मध्यें तेही वारले.