प्राण्यांचा पाठीराखा

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. तेथे पूर्वी डोडो हा पक्षी राहत असे. त्याला उडता येत नव्हते. माणसे तेथे पोहोचली आणि सतराव्या शतकात डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. अशी पाळी इतर प्राण्यांवर येऊ नये म्हणून जेराल्ड ड्यूरेल यांनी आपले आयुष्य वेचले.

ड्यूरेल यांचा जन्म ७ जानेवारी १९२५ रोजी आपल्या देशात, जमशेदपूर येथे झाला. त्यांचे वडील इंजिनिअर होते. १९२८ साली ते वारले आणि कुटुंब इंग्लंडला गेले. पुढे चार वर्षे ते ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहिले. तेथे लहानगा जेराल्ड किडे, बेडूक, सरडे यांच्यामागे दिवसभर हिंडत असे.

मोठेपणी ते परदेशांतून प्राणी आणून प्राणिसंग्रहालयांना देऊ लागले. पण केवळ लोकांच्या करमणुकीसाठी प्राणी कोंडून ठेवणे त्यांना पटेना. १९५९ साली त्यांनी जर्सी बेटावर स्वतःचे प्राणिसंग्रहालय सुरू केले. दुर्मीळ प्राण्यांची तेथे वाढ करावी व त्यांचा वंश टिकवावा, हा त्यांचा हेतू होता. हाताशी पैसा कमी होता. पुस्तके लिहून ते खर्चाला हातभार लावीत. संस्थेचे चिन्ह म्हणून त्यांनी डोडोच निवडला.

१९७६ साली ते मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या लहानशा बेटावर उतरले. तेथे उंदीर कधी पोहोचले नव्हते. म्हणून मॉरिशसमधून नाहीशा झालेल्या सापसुरळ्या व मोठ्या पाली तेथे उरल्या होत्या. पण माणसाने सोडलेल्या शेळ्या आणि ससे झाडांची रोपे खाऊन टाकीत. माती उघडी पडून पावसाबरोबर समुद्रात वाहून जाई. सावली गेली, तर पाली जगणार कशा? ड्यूरेल यांनी काही सापसुरळ्या व पाली जर्सीला नेल्या. तेथे त्यांना पिल्ले झाली. इकडे १९७९ पर्यंत बेटावरच्या शेळ्या संपल्या. १९८६ साली ससेही हटवले गेले. शेळ्या-सशांचा दोष नव्हता. चूक माणसाची होती आणि ती माणसानेच सुधारली. बेट पुन्हा हिरवे होऊ लागले. सापसुरळ्या वाढल्या.

३० जानेवारी १९९५ रोजी ड्यूरेल यांचे निधन झाले. पुढे राउंड आयलंडच्या सापसुरळ्या मॉरिशसच्या इतर बेटांवरही सोडण्यात आल्या. ज्या पालीला पाहून आपण झाडू उचलतो, तिच्यासाठीही ड्यूरेल धावून गेले.

स्वाध्याय
१. राउंड आयलंडवरची माती समुद्रात का वाहून जाई?
२. ड्यूरेल यांनी डोडो हे चिन्ह का निवडले असेल?