भावकीच्या निंदेला पुरून उरलेली माय : सावित्रीमाई फुले



आपण विहारात पंचशील घेतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तथागतांनी सम्यक वाचा सांगितली, तिचीही चार अंगं आहेत : खोटं बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये आणि वायफळ बडबड करू नये. विहारात हे आपण हात जोडून म्हणतो. पण घरोघरी काय चाललंय? परक्या माणसानं कंडी पिकवली तर माणूस एकवेळ दुर्लक्ष करतो. सख्खा भाऊ, चुलता नाहीतर नणंद घराबद्दल नाही नाही ते सांगत सुटली की मात्र घर फुटतं. म्हातारी आई रडत बसते, लेकीबाळींची लग्नं मोडतात. अशा वेळी कसं वागावं, हे सावित्रीमाईच्या जीवनात बघायला मिळतं. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर ज्या महात्मा जोतिराव फुल्यांना गुरू मानलं, त्यांची ही सहचारिणी.

सावित्रीमाईचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावला खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली जोतिरावांशी लग्न झालं. जोतिरावांनी तिला शिकवलं आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. माई शाळेत निघाली की रस्त्यात शेण आणि खडे अंगावर येत. तरी ती शाळेत जायची थांबली नाही. मग विरोधकांनी घरात हात घातला. सासरे गोविंदराव काही वाईट माणूस नव्हते. पण मुलगा-सून धर्म बुडवतात, कुळाला काळिमा लावतात, असं सांगून लोकांनी त्यांचे कान भरले. शाळा सोडा नाहीतर घर सोडा, असं त्यांनी मुलाला बजावलं. १८४९ साली नवरा-बायको अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. शाळा सोडली नाही.

पुढे १८५६ साली माई आजारी पडली आणि माहेरी नायगावला गेली. भावानं तिची मनापासून शुश्रूषा केली. पण त्याच भावाच्या मनात गावातली बोलणी बसली होती. तुम्हाला दोघांना वाळीत टाकलंय ते बरोबरच आहे, महारामांगांसाठी जे करता ते पाप आहे, त्यानं आपल्या घराण्याला बट्टा लागतो, आता तरी भट सांगेल तसं वाग, असं तो आईच्या देखत बोलला. ते ऐकून आई कष्टी झाली.

माईनं काय केलं ते नीट बघा. ती रडत बसली नाही, रागानं उठून पुण्याला निघाली नाही, की भावाच्या पाठीमागे चार बायकांत त्याची उणीदुणी काढली नाहीत. त्याच जागी, आईसमोर, त्याच्या तोंडावर तिनं उत्तर दिलं. तू गाईला, शेळीला मायेनं कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसाचा विटाळ कसा मानतोस, असं तिनं विचारलं. सोवळ्यातला भट तुलाही शिवून घेत नाही, याची आठवण दिली. लोक तुम्हाला नावं ठेवतात ते मला सहन होत नाही, असं भाऊ म्हणाला. म्हणजे त्याच्या तोंडी होते ते शब्द दुसऱ्याचेच होते! मग माईनं विद्येचं महत्त्व समजावून सांगितलं. शेवटी भावाला पश्चात्ताप झाला, त्यानं माफी मागितली, आईलाही लेकीचं कौतुक वाटलं. हे सगळं माईनं १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात जोतिरावांना कळवलं आहे. त्यात भावाचा दोष सांगितला आहे, तशी त्यानं केलेली सेवाही सांगितली आहे.

पण सगळीच भावकी समजावून ऐकत नाही. फुले दांपत्याला मूलबाळ नव्हतं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. विधवेचं पोर म्हणून लोक त्याला नावं ठेवत, पुढं त्याला कुणी मुलगी द्यायला तयार होईना. शेवटी सत्यशोधक ग्यानोबा ससाणे यांनी आपली लेक दिली आणि १८८९ साली सत्यशोधक पद्धतीनं लग्न लागलं. त्याआधीच, १८८७ साली, जोतिरावांनी मृत्युपत्र करून यशवंताचा हक्क कागदावर पक्का केला होता. तोंडाच्या बोलण्याला पक्क्या कागदाचं उत्तर!

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंद आडवे आले. टिटवं धरील तो वारस, अशी रूढी. दत्तक मुलाला ते मान देईनात. तेव्हा माई पुढं झाली, टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि पतीच्या प्रेतापुढं चालली. प्रेताजवळ तिनं वाद वाढवला नाही, आणि मुलाचा हक्कही जाऊ दिला नाही.

पुढं काय झालं? ज्या पोराचं कूळ विचारलं गेलं, तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यानं रोग्यांवर उपचार केले आणि माई रोगी आणू लागली. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला तिनं पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. त्यात तिलाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी ती गेली.

बंधू-भगिनींनो, यातून घ्यायचं ते एवढंच. नातलग खोटं बोलत असेल तर त्याला चारचौघांत उघडं पाडण्याआधी समोर बसवून विचारा, आणि आईबापांना तिथं बसवा. हे शब्द त्याच्या तोंडी कुणी घातले, ते शोधा. त्यानं केलेले उपकार विसरू नका. समजला तर जवळ घ्या. नाही समजला तर हक्काचे कागद नीट ठेवा आणि आपलं काम सोडू नका. आणि आपल्या कानावर दुसऱ्याच्या घराची गोष्ट आली, तर ती आपल्यापाशीच थांबवा. माईच्या फोटोला हार घालतो, तसं एवढं केलं तरच ते खरं अभिवादन.

नमो बुद्धाय! जयभीम!