४० किलोंचा कैदी आणि लटकत्या रिंग्ज

दुसरे महायुद्ध संपल्यावर व्हिक्टर चुकारिन युक्रेनमधल्या आपल्या घरी परतले. दारात उभा असलेला हा सांगाडा आपलाच मुलगा आहे, हे त्यांच्या आईला ओळखू आले नाही. डोक्यावरचा लहानपणीचा व्रण पाहून तिची खात्री पटली, असे सांगितले जाते. चुकारिन यांचे वय तेव्हा तेवीस आणि वजन जेमतेम ४० किलो होते.

त्यांचा जन्म नोव्हेंबर १९२१चा. मारिउपोल शहरात शिकताना जिम्नॅस्टिक्सची गोडी लागली आणि बस्तान बसत असतानाच युद्ध आले. १९४१ मध्ये ते जर्मनांच्या हाती सापडले. पुढची साडेतीन-चार वर्षे त्यांनी एकामागून एक अशा सतरा छावण्यांत काढली. बुखेनवाल्ड ही त्यांपैकीच एक.

इतक्या दीर्घ उपासमारीत शरीर स्वतःलाच खाऊ लागते. यकृतातला साखरेचा साठा एका दिवसात संपतो, मग चरबी जळते आणि तिच्याबरोबर स्नायूंमधली प्रथिनेही वापरली जातात. दंड, छाती, मांड्या आटतात. हृदय हाही स्नायूच, तोही लहान होतो. अशा माणसाला एकदम पोटभर जेवू घालणेही धोक्याचे असते, कारण रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरून जीव जाऊ शकतो. छावण्यांतून सुटल्यावर अन्न मिळूनही अनेक कैदी दगावले, त्यामागे हेही एक कारण होते.

चुकारिन वाचले. ल्विव शहरातल्या शारीरिक शिक्षण संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला आणि पुन्हा सरावाला लागले. १९४६च्या सोव्हिएत राष्ट्रीय स्पर्धेत ते बारावे आले, पुढच्या वर्षी पाचवे. १९४९ मध्ये विजेतेपद मिळाले. म्हणजे सुटकेपासून देशात पहिला येईपर्यंत चार वर्षे लागली. सहा आठवड्यांत शरीर बनवून देण्याच्या जाहिराती वाचणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये सहा प्रकार असतात. खांद्यांची सर्वांत कठोर परीक्षा घेतो तो रिंग्जचा. जमिनीवर जोर काढताना तळहात पक्क्या आधारावर असतात, त्यामुळे छातीचा मोठा स्नायू आणि दंडामागचा स्नायू यांना फक्त शरीर वर ढकलायचे असते. तेच जोर लटकत्या रिंग्ज धरून काढले, तर प्रत्येक हात बाहेर पळू पाहतो. त्याला जागेवर धरून ठेवायला खांद्याभोवतीचे चार छोटे स्नायू आणि पाठीचे फरे बरगड्यांना बिलगून ठेवणारे स्नायू सतत राबतात. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला मोठा चेंडू. त्याला हाडांचा आधार कमी, तो मुख्यतः स्नायूंनीच सावरलेला असतो. म्हणून रिंग्जवरचे दहा जोर जमिनीवरच्या दहा जोरांपेक्षा कितीतरी जड जातात आणि सुरुवातीला हात थरथरतात. ही थरथर दुबळेपणाची नसते. मेंदू आणि स्नायू यांचा मेळ अजून बसलेला नसतो, एवढेच. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बहुतांशी या मेळातून येते. स्नायूंचा आकार नंतर वाढतो, आणि स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे सर्वांत शेवटी बळकट होतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून वेळ जास्त लागतो. हौशी लोक खांदे दुखावून घेतात ते इथेच. स्नायू तयार झालेला असतो, कंडरा झालेला नसतो.

घरी किंवा व्यायामशाळेत रिंग्ज टांगणाऱ्यांनी त्या आधी कमरेएवढ्या उंचीवर ठेवून तिरके उभे राहून जोर काढावेत. कोपर दुमडताना रिंग्ज छातीजवळ राहाव्यात, खांदे कानांकडे चढू देऊ नयेत, श्वास कोंडू नये. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. पंधरा जोर न थरथरता निघू लागले की रिंग्ज वीतभर खाली घ्याव्यात. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा आखडलेला खांदा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. मोठ्या आजारातून उठलेल्यांनी तर भिंतीला हात टेकून सुरुवात केली तरी कमीपणा नाही.

स्नायूंची स्मरणशक्ती असा एक शब्दप्रयोग अलीकडे ऐकू येतो. सरावाने स्नायूपेशींत वाढलेली केंद्रके स्नायू आटल्यावरही टिकून राहतात आणि म्हणून गेलेली ताकद लवकर परतते, असे प्राण्यांवरचे काही प्रयोग सुचवतात. माणसाच्या बाबतीत वाद अजून मिटलेला नाही. तरुणपणी कमावलेले शरीर चुकारिन यांना असे उपयोगी पडले का, हे सांगता येणार नाही.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघ पहिल्यांदाच उतरला, तेव्हा चुकारिन तीस वर्षांचे होते. वैयक्तिक सर्वसाधारण विजेतेपदासह त्यांनी चार सुवर्णपदके जिंकली आणि दोन रौप्य. त्यांतले एक रौप्य रिंग्जवरचे. तिथे त्यांच्या पुढे राहिले ते त्यांचेच सहकारी ग्रांट शाहिनियान. युद्धात पायाला जखम झाल्याने तेही लंगडत चालत.

चार वर्षांनी मेलबर्नमध्ये चुकारिन पस्तिशीचे झाले होते आणि समोर जपानचा तरुण ताकाशी ओनो होता. सर्वसाधारण स्पर्धेत चुकारिन यांना ११४.२५ गुण मिळाले, ओनोला ११४.२०. दोन ऑलिम्पिक मिळून त्यांची पदके अकरा झाली, त्यांत सात सुवर्ण. त्यानंतर ते ल्विवमध्ये मुलांना शिकवत राहिले. १९८४ मध्ये त्याच शहरात त्यांचे निधन झाले.